विश्लेषण : जानेवारीत गर्दी, होळीला शुकशुकाट... छोट्या जिमने खाणावळ, डबेवाले आणि दूध डेअरीकडून काय शिकावे?

डिसेंबर संपत आला की गल्लोगल्लीच्या जिमबाहेर फलक झळकू लागतात. ‘वर्षाची फी भरा, तीन महिने मोफत’. जानेवारीत ट्रेडमिलसाठी रांग लागते. होळी येईपर्यंत त्याच ट्रेडमिलच्या दांडीवर टॉवेल वाळत असतात. भाडे, वीजबिल आणि प्रशिक्षकांचे पगार मात्र दर महिन्याला तेवढेच असतात. मग पुन्हा नवी सवलत, पुन्हा नवे सदस्य आणि पुन्हा तीच गळती. हे चक्र थांबवायचे कसे, याचे उत्तर जिमच्या दुनियेत शोधण्यापेक्षा शेजारच्या खाणावळीत, लोकलमधल्या डबेवाल्याकडे किंवा गावातल्या दूध संकलन केंद्रावर लवकर सापडू शकते. कसे, ते पाहू.

धडे बाहेरच्या धंद्यांकडून का घ्यायचे?

महाराष्ट्रात व्यायामाची परंपरा मोठी आहे, पण ती फीवर उभी राहिलेली नाही. कोल्हापुरातल्या तालमींना राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय होता. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४मध्ये सुरू झाले ते संस्था म्हणून, दुकान म्हणून नव्हे. गावची तालीम वर्गणीवर, देणगीवर आणि वस्तादांच्या पदरमोडीवर चालायची. त्यामुळे तालमीतून किंवा शरीरसौष्ठव स्पर्धांमधून पुढे येऊन ज्यांनी जिम काढली, त्यांना व्यायाम शिकवण्याचा वारसा मिळाला; महिन्याच्या फीवर धंदा चालवण्याचा वारसा मिळाला नाही.

यंत्र विकणारा विक्रेता नवे यंत्र घ्या म्हणतो. जाहिरात करणारा जाहिरात वाढवा म्हणतो. मात्र आलेला माणूस सहाव्या महिन्यातही यावा यासाठी काय करायचे, हे दोघेही सांगत नाहीत. हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या सोडवणारे लोक वेगळेच आहेत. दुधाचा रतीब घालणारा, खाणावळ चालवणारी, डबा पोहोचवणारा आणि विम्याचा हप्ता गोळा करणारा. या सगळ्यांचा धंदा एकदा विकून संपत नाही, तो रोज नव्याने टिकवावा लागतो. जिमचेही तसेच आहे.

छोट्या जिमचे गणित नेमके कुठे अडते?

समजा, एका मध्यम शहरातली दीड हजार चौरस फुटांची जिम आहे. भाडे ४५ हजार, तीन प्रशिक्षकांचे पगार ४५ हजार, वीज १५ हजार, साफसफाई आणि दुरुस्ती १० हजार, यंत्रांच्या कर्जाचा हप्ता ३५ हजार. एकूण महिन्याचा खर्च दीड लाख. सदस्य २० असोत की २००, यातले बहुतेक आकडे हलत नाहीत.

महिन्याला हजार रुपये फी असेल तर हा खर्च भागवायला १५० सदस्य हवेत. त्यानंतर येणारा प्रत्येक सदस्य मालकाच्या घरखर्चाला हातभार लावतो. आता ‘वर्षाचे फक्त नऊ हजार’ अशी सवलत दिली तर महिन्याला हाती पडतात ७५० रुपये. तोच खर्च भागवायला आता २०० सदस्य लागतात. म्हणजे त्याच जागेत, त्याच यंत्रांवर ५० माणसे जास्त. संध्याकाळी सातला बेंच मिळत नाही म्हणून जुना सदस्य कुरकुरतो, त्याचे मूळ बहुतेक वेळा या सवलतीत असते.

दुसरा आकडा गळतीचा. १५० पैकी दर महिन्याला १० टक्के सदस्य गेले तर १५ जण कमी होतात. जागच्या जागी राहायलाच वर्षाला १८० नवे सदस्य आणावे लागतात. म्हणजे दरवर्षी एक संपूर्ण जिम नव्याने भरावी लागते! हीच गळती ५ टक्क्यांवर आली तर वर्षाला ९० जण पुरतात. १० टक्के गळतीत सदस्य सरासरी दहा महिने टिकतो, ५ टक्के गळतीत वीस महिने. फी तीच, जागा तीच. पण एका सदस्याकडून मिळणारी रक्कम दहा हजारांवरून वीस हजारांवर जाते. जाहिरातीवर एक रुपयाही न वाढवता हे घडू शकते.

वर्षाची फी ही कमाई की उधारी?

जानेवारीत शंभर जणांनी प्रत्येकी नऊ हजार भरले, तर गल्ल्यात नऊ लाख रुपये येतात. वरच्या हिशेबाने हा सहा महिन्यांचा खर्च झाला. पण या शंभर जणांना सेवा द्यायची आहे बारा महिने. मार्चमध्ये यातल्याच पैशांतून नवे यंत्र घेतले, गाडीचा हप्ता भरला किंवा दुसरी शाखा काढली, तर सप्टेंबरमध्ये भाडे कुठून द्यायचे? उत्तर ठरलेले असते : दिवाळीची नवी सवलत. म्हणजे नव्या सदस्यांच्या पैशातून जुन्यांना सेवा. हे चक्र एकदा अडले की शटर खाली येते.

मार्च २०२०मध्ये ते सगळ्यांचेच एकदम अडले. महाराष्ट्रातल्या जिम पुन्हा उघडल्या त्या २५ ऑक्टोबर २०२० रोजी, दसऱ्याला. एप्रिल २०२१मध्ये त्या पुन्हा बंद कराव्या लागल्या. ज्यांनी आगाऊ फी आधीच खर्चून टाकली होती, त्यांच्यापुढे एकाच वेळी थकलेले भाडे आणि ‘आमचे महिने भरून द्या’ म्हणणारे सदस्य उभे राहिले. मोठे नाव असले म्हणजे तरून जाता येते असेही नाही. अमेरिकेत गोल्ड्स जिम आणि २४ अवर फिटनेस या बलाढ्य साखळ्यांनी २०२०मध्येच दिवाळखोरीचा अर्ज केला.

वर्षाची वर्गणी आगाऊ घेणारे मासिक हा हिशेब वेगळा ठेवते. वर्गणीदाराने पैसे दिले तरी शेवटचा अंक त्याच्या हाती पडेपर्यंत ती रक्कम पूर्ण कमावलेली नसते. जिममालकानेही दोन बँक खाती ठेवावीत. नऊ हजार आले की ७५० रुपये चालू खात्यात, उरलेले दुसऱ्या खात्यात. तिथून दर महिन्याला ७५० उचलायचे. दुसऱ्या खात्यातली रक्कम आपली नाही, ती सदस्यांची अमानत आहे असे समजायचे.

याला कायद्याचीही बाजू आहे. ‘भरलेले पैसे कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाहीत’ अशी पाटी लावली म्हणजे जबाबदारी संपली, असे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मानत नाही. सेवेत त्रुटी असेल तर ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. करही लक्षात घ्यावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५पासून जिमच्या सेवेवरील जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, पण यंत्रे आणि भाडे यांवर भरलेल्या कराची वजावट आता मिळत नाही. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर असेल तर नोंदणी लागते, आणि सेवेची आगाऊ रक्कम हाती येते तेव्हाच तिच्यावरचा कर देय होतो. म्हणजे सेवा वर्षभर द्यायची, पण कर आधीच भरायचा.

न येणारा सदस्य फायद्याचा की तोट्याचा?

जिमच्या धंद्यात एक समज खोल रुजला आहे. फी भरून न येणारा सदस्य सर्वांत चांगला. तो यंत्र झिजवत नाही, जागा अडवत नाही. स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके मालमेंडिअर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तीन क्लबच्या ७,७५२ सदस्यांची तीन वर्षांची हजेरी तपासली. २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले, की महिन्याला ७० डॉलरहून अधिक फी भरणारे सदस्य महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच येत होते. एका भेटीला त्यांना १७ डॉलरहून जास्त पडत होते. दहा भेटींचा पास घेतला असता तर १० डॉलरमध्ये भागले असते. माणूस आपल्या भविष्यातल्या उत्साहाचा अंदाज नेहमी जास्तच लावतो, असा त्याचा अर्थ.

हजारो सदस्यांच्या साखळीला हे परवडते, कारण गेलेल्याच्या जागी शहराच्या दुसऱ्या टोकाहून कोणीतरी येतो. छोट्या जिमचे गिऱ्हाईक दोन किलोमीटरच्या परिघातले असते. वर्षभर न आलेला माणूस पुढच्या वर्षी फी भरत नाही. शिवाय चौकात भेटला की ‘पैसे वाया गेले’ हे चारचौघांत सांगतो. त्याच परिघात नवी माणसे किती सापडणार? पाच-सहा वर्षांत अख्खा परिसर ‘आम्ही एकदा जाऊन आलो’ म्हणणारा होतो.

याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष तितकाच महत्त्वाचा आहे. एकदम वर्षाचा करार करणाऱ्यांपेक्षा महिन्याचा करार करणारे सदस्य वर्ष उलटल्यावरही टिकून राहण्याची शक्यता १७ टक्क्यांनी जास्त होती. तिथे महिन्याचा करार आपोआप पुढे सरकत होता, वर्षाचा मात्र मुद्दाम जाऊन नव्याने करावा लागत होता. आपल्याकडे यूपीआय ऑटोपेमुळे दरमहा आपोआप फी वळती करण्याची सोय २०२०पासून आहे, आणि नियमानुसार पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जाते. पण सोय म्हणून ती द्यायची, सापळा म्हणून नव्हे. ती बंद करण्याची पद्धत पहिल्याच दिवशी सदस्याला दाखवून द्यावी. छोट्या गावात फसवणुकीचा बोभाटा जाहिरातीपेक्षा लवकर होतो.

खाणावळीचा ‘खाडा’ काय शिकवतो?

पुण्यातल्या पेठांत विद्यार्थ्यांच्या खाणावळी वर्षानुवर्षे चालत आल्या. महिन्याचे पैसे आधी भरायचे आणि गावी जाताना सांगून जायचे. तेवढ्या दिवसांचा खाडा धरला जातो. दुधाच्या रतीबातही तेच. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर खाड्याची फुली पडते आणि महिन्याच्या बिलातून तेवढे दूध वजा होते. खाणावळ चालवणाऱ्या मावशींचा यात तोटा दिसतो. प्रत्यक्षात त्यांना दोन गोष्टी मिळतात : उद्या किती पोळ्या लाटायच्या याचा अंदाज आणि मुलगा परत केव्हा येणार याची तारीख.

जिममध्ये खाडा नसतो. गणपतीला गावी गेलेला, मुलीच्या लग्नात अडकलेला, परीक्षेला बसलेला किंवा पाय मुरगळलेला सदस्य पंधरा दिवस येत नाही. पैसे वाया गेले याची खंत आणि ‘आता काय तोंडाने जाऊ’ हा संकोच, दोन्ही वाढत जातात. तिसऱ्या आठवड्यात तो सदस्य मनाने जिम सोडून गेलेला असतो.

खाड्याचा साधा नियम कागदावर करता येतो. सलग सात दिवसांपेक्षा जास्त सुट्टी, आधी व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप, वर्षाला जास्तीत जास्त तीस दिवस आणि परतण्याची तारीख सांगणे बंधनकारक. त्या तारखेला मालकाने स्वतः निरोप पाठवायचा. ‘आजपासून तुमचे दिवस पुन्हा सुरू, संध्याकाळी वाट पाहतो.’ तीस दिवस फुकट गेले असे वाटेल, पण त्याच्या बदल्यात गेलेला माणूस परत आलेला असतो.

विमा एजंट तेराव्या महिन्याकडे का पाहतात?

आयुर्विमा क्षेत्रात किती पॉलिसी विकल्या याइतकेच महत्त्व त्यातल्या किती चालू राहिल्या याला दिले जाते. त्यासाठी १३वा, २५वा, ३७वा, ४९वा आणि ६१वा महिना असे टप्पे ठरलेले आहेत. वर्षाचा पहिला हप्ता भरणारा दुसरा भरतो का, हे तेराव्या महिन्यात कळते. एजंटालाही पहिल्या वर्षी मोठे कमिशन आणि पुढे प्रत्येक हप्त्यावर थोडे थोडे मिळत राहते. म्हणून तो दिवाळीला दारात येतो, हप्त्याची तारीख लक्षात आणून देतो.

जिममध्ये मात्र बक्षीस असते ते फक्त नवा सदस्य आणणाऱ्याला. पहिल्या दिवशी पाचशे रुपये मिळाले की प्रशिक्षकाचे लक्ष पुढच्या गिऱ्हाइकाकडे. तेच पाचशे तीन भागांत दिले तर? दोनशे सुरुवातीला, दीडशे तिसऱ्या महिन्याची फी आल्यावर, दीडशे सहाव्या महिन्याची आल्यावर. मालकाचा खर्च वाढत नाही, उलट न टिकलेल्या सदस्यामागे कमी होतो. आणि प्रशिक्षकाला पहिल्यांदाच सदस्य टिकण्यात रस निर्माण होतो. जिमचे ‘तेरावे महिने’ लवकरचे असावेत : पहिला, तिसरा आणि सहावा. या तिन्ही टप्प्यांवर दर शंभरातले किती उरले, एवढे लिहून ठेवले तरी धंद्याची नाडी कळते.

एका डबेवाल्यामागे किती डबे?

मुंबईतली डबे पोहोचवण्याची व्यवस्था १८९०मध्ये महादेव हावजी बच्चे यांनी सुरू केली. करोनापूर्व काळात सुमारे पाच हजार डबेवाले रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोहोचवत असत. हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१०मध्ये या व्यवस्थेवर अभ्यासप्रकरण केले. झाकणावरच्या रंगीत खुणांची चर्चा फार झाली. जिममालकासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. एक डबेवाला साधारण तीस घरे सांभाळतो. कोणत्या घरचा डबा उशिरा तयार होतो, कोण गुरुवारी उपास करते, कोणाची बदली झाली, हे त्याला ठाऊक असते. डबा चुकला तर कोणाचा, हे विचारावे लागत नाही.

बहुतेक जिममध्ये दीडशे सदस्य ‘सगळ्यांचे’ असतात, म्हणजे कोणाचेच नसतात. तीन प्रशिक्षक असतील तर प्रत्येकाच्या नावावर पन्नास सदस्य लिहून द्यावेत. त्यांचे जुने दुखणे, कामाची वेळ, घरची अडचण आणि गेल्या दहा दिवसांतली हजेरी त्याला माहीत असली पाहिजे. त्यातला कोणी सलग दहा दिवस दिसला नाही तर फोन त्यानेच करायचा. तालमीत हे काम वस्तादांची नजर करायची. चार दिवस गडी आला नाही तर निरोप घरी जायचा.

पण डबेवाल्यांकडून एक इशाराही घ्यावा. लोकल थांबली आणि कार्यालये घरी गेली, तेव्हा सव्वाशे वर्षांहून जुनी, जवळपास न चुकणारी ही व्यवस्थाही कोलमडली. उत्तम सेवा असली तरी एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकावर सगळा भार नसावा.

दूध संकलन केंद्रावरची पावती कशासाठी?

गावातल्या संकलन केंद्रावर शेतकरी दूध ओततो, यंत्रावर फॅट आणि एसएनएफचा आकडा उमटतो, त्यावरून दर ठरतो आणि हातात पावती पडते. दर दहा दिवसांनी बिल. सहकारी दूध चळवळीने शेतकऱ्याचा विश्वास कमावला त्यात या डोळ्यांसमोरच्या मोजमापाचा वाटा मोठा आहे. आपल्या म्हशीचे दूध कसे आहे हे कोणाच्या तोंडी शिफारशीवर अवलंबून राहिले नाही.

जिमच्या सदस्याला पावती मिळते ती फक्त फीची. घामाची मिळत नाही. मग तो घरच्या वजनकाट्यावर उभा राहतो आणि महिनाभरात काटा हलला नाही की निराश होतो. वजन हे मोजमापच अपुरे आहे. नव्याने व्यायाम करणाऱ्याचे वजन जवळपास तेच राहून ताकद वाढू शकते, कंबर कमी होऊ शकते. म्हणून एका पुठ्ठ्याच्या कार्डावर चार आकडे पुरेत : महिन्यात किती दिवस आले, सलग किती जोर निघतात, किती किलो उचलून बैठका होतात आणि कंबरेचा घेर. पहिल्या दिवशी लिहायचे आणि दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पुन्हा. तीन जोरांवरून बारा जोर हा बदल सदस्य स्वतः पाहतो. रक्तदाब, साखर किंवा जुने दुखणे यांचा निर्णय मात्र डॉक्टरांचा, प्रशिक्षकाचा नव्हे.

बचत गटाची सवय व्यायामाला लावता येईल?

नाबार्डने १९९२मध्ये बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रकल्प सुरू केला. तारणाला काही नसलेल्या महिलांना कर्ज मिळू लागले, कारण तारण होता तो गट. दहा ते वीस जणी, ठरलेला वार, ठरलेली रक्कम. हप्ता चुकवला तर बँकेच्या नोटिशीपेक्षा पुढच्या बैठकीत मैत्रिणींना काय सांगायचे, ही काळजी मोठी असते.

एकटा आलेला सदस्य एकटाच निघून जातो. त्यामुळे नव्या सदस्याला पहिल्याच आठवड्यात पाच-सहा जणांच्या गटात बसवावे. सकाळी साडेसहाचा शिक्षकांचा गट, दहाचा गृहिणींचा, रात्री नऊचा दुकानदारांचा. वेळ आणि वय जुळले की ओळख आपोआप होते. ‘काल का नाही आलास?’ हा प्रश्न मालकाने विचारला तर तगादा वाटतो, सोबत्याने विचारला तर आपुलकी. इथे एक पथ्य महत्त्वाचे. कोणाचे वजन फलकावर लावायचे नाही, न आलेल्याची गटात चेष्टा करायची नाही आणि परवानगीशिवाय कोणाचा फोटो समाजमाध्यमांवर टाकायचा नाही. विशेषतः महिला सदस्य एका अशा प्रसंगानंतर कायमच्या जातात.

दुपारचे रिकामे तास भरायचे कसे?

चित्रपटगृहात दुपारी बाराच्या खेळाची खुर्ची रिकामी राहिली तर ती रात्री नऊच्या खेळाला विकता येत नाही. म्हणून त्या खेळाचे तिकीट अनेक ठिकाणी स्वस्त असते. जिममध्ये सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ दाटी. सकाळी अकरा ते चार शुकशुकाट. भाडे मात्र त्या पाच तासांचेही द्यावेच लागते.

सगळ्यांना सवलत देण्यापेक्षा या तासांचे वेगळे सदस्यत्व करावे. निवृत्त मंडळी, गृहिणी, रात्रपाळीचे कामगार, महाविद्यालयीन विद्यार्थी या वेळेत येऊ शकतात. ज्येष्ठांना जड वजन नको असते. तोल सांभाळणे, गुडघे आणि पाठ बळकट करणे हवे असते. त्यांना संध्याकाळचे कानठळ्या बसवणारे संगीतही नको असते. काही तास योगवर्गाला, लहान मुलांच्या कराटेला किंवा नृत्यवर्गाला जागा तासावर देता येते. मात्र आधी जागेच्या मालकाशी झालेला भाडेकरार वाचावा. एक अट न विसरता घालावी : दुपारच्या फीमध्ये संध्याकाळी प्रवेश नाही. ही अट ढिली पडली की स्वस्त सदस्यत्वाने गर्दीच्याच वेळा भरतात.

कोणते धडे घेऊ नयेत?

पहिला, ऑनलाइन दुकानांचा बारमाही सेल. कायम ५० टक्के सवलत असेल तर लोक मूळ किंमत खोटी मानतात, आणि पूर्ण फी भरलेला जुना सदस्य स्वतःला मूर्ख समजतो. सवलत द्यायचीच तर तिसऱ्या वर्षात पाऊल ठेवणाऱ्याला द्यावी.

दुसरा, मोठ्या साखळीशी दरयुद्ध. तिच्याकडे भांडवल आहे, तुमच्याकडे ओळख. शंभर रुपये कमी करून आपण भांडवलाच्या मैदानात उतरतो आणि ओळखीचे मैदान सोडून देतो.

तिसरा आणि सर्वांत धोक्याचा, किराणा दुकानाचा ‘जोडमाल’ विचार. फी सुटत नाही म्हणून पावडरींचे डबे विकायचे. प्रथिन पावडर हा अन्नपदार्थ आहे. विकायचा तर अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी किंवा परवाना लागतो आणि पक्के बिल द्यावे लागते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणारी इंजेक्शने किंवा स्टेरॉइड जिममधून विकणे हा तर गुन्हा आहे. त्यातून महिन्याला मिळणाऱ्या चार पैशांपायी एखाद्या विशीतल्या पोराचे मूत्रपिंड किंवा हृदय पणाला लागते. ज्या धंद्याचे भांडवलच सदस्याची तब्येत आहे, त्याने तीच विकायला काढू नये.

सुरुवात कुठून करावी?

यातल्या कशालाही महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. दोनशे पानी वही पुरते. दर सोमवारी चार आकडे लिहायचे : या आठवड्यात नवे किती आले, किती जणांनी फी भरली नाही, दहा दिवसांत एकदाही न आलेले किती आणि कोणते तास रिकामे गेले. चौथ्या सोमवारी या चार ओळी शेजारी शेजारी ठेवल्या की पैसे कुठून गळतात ते दिसते. त्याआधी जाहिरातीवर खर्च करणे म्हणजे तळाला भोक असलेल्या बादलीखाली नळ मोठा सोडणे.

सगळे एकदम करू नये. पहिल्या महिन्यात फक्त खाड्याचा नियम आणि दहाव्या दिवसाचा फोन. दुसऱ्या महिन्यात चार आकड्यांचे कार्ड. तिसऱ्या महिन्यात प्रशिक्षकांच्या बक्षिसाची नवी विभागणी. आगाऊ फीचे दुसरे खाते मात्र आजच उघडावे, कारण ते नसेल तर बाकीचे करायला वेळच उरणार नाही.

आणि तो दहाव्या दिवसाचा फोन करताना फीचा विषय काढायचा नाही. ‘काका, मागच्या वेळी गुडघा दुखतो म्हणाला होता, आता कसा आहे?’ एवढेच विचारायचे. पुढचे वाक्य बहुतेक वेळा समोरूनच येते, ‘उद्यापासून येतो रे.’